राणीनं प्रवचन मध्येच थांबवलं तेव्हा… (इंग्लंडच्या दरबारातले प्रवचनकार)

टिपणवही

१५६५ सालचा ॲश वेन्सडे, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंट या उपासकाळाचा पहिला दिवस. लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य पाद्री, अलेक्झांडर नॉवेल पहिल्या एलिझाबेथसमोर प्रवचनाला उभा राहिला. बोलता बोलता तो मूर्ती आणि क्रूस यांच्यावर घसरला. विषय नाजूक होता. राणी प्रॉटेस्टंट खरी, पण तिच्या खासगी चॅपलमध्ये चांदीचा क्रूस होता आणि कडव्या सुधारकांना तो डोळ्यांत खुपत होता. त्याच सुमारास परदेशात राहणाऱ्या एका इंग्रज कॅथलिक लेखकानं क्रूसाची थोरवी सांगणारं पुस्तक लिहून चक्क राणीलाच अर्पण केलं होतं. नॉवेल त्या पुस्तकाचा समाचार घ्यायला गेला आणि राणीचा आवाज आला, "ते सोडा."

नॉवेलला बहुधा ऐकू गेलं नाही. तो चालूच राहिला. मग राणी मोठ्यानं म्हणाली, की याचा तुमच्या विषयाशी संबंध नाही आणि हे दळण आता पुरे. नॉवेल पार गडबडला, कसंबसं आटोपतं घेऊन खाली उतरला. आर्चबिशप पार्करला त्याची इतकी दया आली की तो त्याला जेवायला घरी घेऊन गेला. हा सगळा प्रसंग स्पॅनिश राजदूतानं मायदेशी लिहून कळवला. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा किस्सा सहसा राणीच्या करारी स्वभावाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात उलटं दिसतं. तिला तोंड उघडावं लागलं, म्हणजे व्यवस्था कुठेतरी फसली होती. एलिझाबेथच्या राज्यात राणीचं लग्न, वारस, धर्म यावर पार्लमेंटमध्ये बोलायचीही चोरी होती. पीटर वेंटवर्थ नावाच्या सभासदानं १५७६ मध्ये सभागृहाच्या बोलण्याच्या हक्कावर भाषण केलं, तर त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या तुरुंगात, केली. आणि त्याच राज्यात दर लेंटमध्ये बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी एक माणूस सर्वांदेखत उभा राहायचा, हातात बायबल घ्यायचा आणि तासभर राणीला उद्देशून बोलायचा. तिनं गप्प बसून ऐकायचं अशी रीत. शेतकऱ्याघरी जन्मलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या दारानं हे करता आलं असतं?

माझं म्हणणं एवढंच, की माणूस एकदा पुल्पिटवर, म्हणजे प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर, चढला की राजाच्या हातात फार काही उरत नसे. सत्ता चालायची ती चढण्याआधी, लेंटच्या प्रवचनकारांची यादी ठरताना, आणि उतरल्यानंतर. मधला तासभर जोखमीचा. आता त्या तासाची थोडी उदाहरणं.

आधी बैठक कशी असे ते बघू. राजवाड्यातल्या चॅपलमध्ये राजा खाली सगळ्यांत मिसळून बसत नसे. मागच्या बाजूला वरच्या मजल्यावर त्याची खासगी खोली, तिला चॅपलच्या आत उघडणारी खिडकी. खिडकी उघडी आहे की बंद, याच्यावर खालच्या दरबाऱ्यांचं अर्धं लक्ष. व्हाइटहॉलला याशिवाय उघड्यावरचं पुल्पिटही होतं. पूर्वीच्या राजबागेत ते उभारलं होतं, आणि चॅपलमध्ये मावले असते त्याच्या चौपट लोक तिथे ऐकू शकत. सहाव्या एडवर्डच्या काळातला प्रसंग दाखवणारं एक लाकूडठशाचं चित्र आहे: मधोमध पुल्पिटवर म्हातारा ह्यू लॅटिमर, भोवती दाटीवाटीनं माणसं, आणि वर खिडकीत बालराजा.

लॅटिमरवर थोडं रेंगाळते, कारण मला तो फार आवडतो. १५४९ च्या लेंटमध्ये त्यानं या राजासमोर सात प्रवचनं दिली. राजा ११ वर्षांचा. पहिल्याच दिवशी म्हातारबुवा स्वतःच्या बापाची शेती काढून बसले. बाप खंडानं जमीन कसायचा, वर्षाला फार तर ३-४ पौंड खंड. तेवढ्यात सहा गडी पोसले जायचे, १०० मेंढरं चरायची, आई ३० गायींचं दूध काढायची. पोराला शाळेत घातलं, पोरींची लग्नं लावली, दारचा भिकारी कधी विन्मुख गेला नाही, आणि राजानं बोलावलं तेव्हा बाप घोडा नि चिलखत घेऊन लढाईलाही गेला. आता तीच जमीन कसणारा वर्षाला १६ पौंड किंवा जास्तच भरतो; त्याला ना राजासाठी काही करता येत, ना पोरांसाठी, ना गरिबाला घोटभर प्यायला देता येत. खंड वाढवणारे जमीनदार कोण? तिथेच खाली बसलेले सरदार. धर्मसुधारणेत मठांच्या जमिनी कुणाच्या घशात गेल्या होत्या हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

याच लॅटिमरनं 'लुबाडलेलं परत करा' असा धोशा लावला होता. त्याचा परिणाम त्यानं १५५० मध्ये दरबारातच जाहीर केला: पहिल्या लेंटमध्ये कुणीतरी गुपचूप २० पौंड आणून दिले, पुढच्या लेंटला ३२० आले, आणि यंदा १८० पौंड १० शिलिंग, जे मी आजच राजाच्या मंत्रिमंडळाकडे भरले. नावं सांगितली नाहीत. सरकारी तिजोरीत हात मारून मग पाद्र्याकरवी चुपचाप परत करणारे ते महाभाग कोण, यावर त्या दिवशी व्हाइटहॉलमध्ये काय कुजबुज झाली असेल याची कल्पना करून मला अजून हसू येतं.

दुसरा एडवर्ड डेरिंग. ग्रीकचा गाढा पंडित, तरुण, पुढे बिशप होणार असं सगळे धरून चाललेले. २५ फेब्रुवारी १५७० ला एलिझाबेथसमोर उभा राहिला आणि चर्चमधला सगळा गचाळ कारभार त्यानं तिच्या पदरात टाकला. पदं विकली जातात, आंधळे आंधळ्यांना वाट दाखवतात; आणि हे सगळं चाललेलं असताना, ज्यांच्याकडे देव याचा जाब मागेल त्या तुम्ही मात्र स्वस्थ बसून आहात, ज्याला जे हवं ते करू देताय. एवढ्यावर थांबला नाही. बहीण मेरीच्या कॅथलिक राज्यात तुम्ही स्वतःला कापायला नेलेल्या मेंढरासारख्या म्हणवत होता, आता कुणी तुम्हाला बेलगाम कालवड म्हणू नये याची काळजी घ्या! राणीला, तोंडावर. प्रवचनबंदी झाली, बिशपपद कायमचं गेलं. प्रवचन मात्र छापलं गेलं आणि राणी हयात असतानाच पुन्हा पुन्हा छापलं गेलं.

तिसरा बिचारा अँथनी रड, वेल्समधल्या सेंट डेव्हिड्सचा बिशप. त्याचं प्रवचन राणीला आवडलं होतं, आणि आर्चबिशप व्हिटगिफ्टनं त्याला भाबडेपणानं सल्ला दिला की बाईंना आता अलंकारिक पांडित्याचा कंटाळा आलाय, साधं आणि काळजाला भिडेल असं बोला. रडनं तो शब्दशः घेतला. १५९६ च्या लेंटमध्ये रिचमंडच्या राजवाड्यात त्यानं स्तोत्र ९० मधली ओवी घेतली, 'आम्हाला आमचे दिवस गणायला शिकव', आणि आकड्यांची महती सांगू लागला. ३ म्हणजे त्रैक्य, ७ म्हणजे शब्बाथ, आणि ७ गुणिले ९ म्हणजे ६३, आयुष्यातलं घातवर्ष. राणी तेव्हा ६३ कडे झुकलेली. तिचा चेहरा उतरलेला पाहून त्यानं घाईघाईनं गाडी ६६६ कडे आणि पोपकडे वळवली, पण उशीर झाला होता. प्रवचन संपल्यावर खिडकी उघडली आणि राणीनं त्याला सुनावलं, की तुमचं गणित तुमच्यापाशीच ठेवायचं होतं.

एलिझाबेथनंतरचे राजे जेम्स आणि चार्ल्स यांच्याबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. प्रतिसादांत बोलू.

प्रतिसाद

चहाबाज

६३ चं गणित!! वरिष्ठांच्या वाढदिवसाला निवृत्तीला किती वर्षं उरली ते मोजून दाखवणारा एक सहकारी आठवला. रडसाहेबांना दंडवत.
वाचनखूण साठवली.

खडूस आजोबा

ताई, लेख रंगलाय, पण तुम्ही अपवादांची माळ ओवली आहे. लॅटिमर, डेरिंग, रड ही नावं आपल्याला ठाऊक आहेत ती ते वावगं बोलले म्हणून. वर्षानुवर्षं दर लेंटमध्ये जे लोक राजाचा दैवी हक्क, प्रजेचं कर्तव्य, बंडाचं पाप यावर मधाळ बोलून मोठमोठ्या बिशपक्या घेऊन गेले त्यांचं काय? तुमचा लॅटिमरसुद्धा धुतल्या तांदळाचा नाही. त्याच १५४९ च्या लेंटमध्ये राजाचा मामा थॉमस सीमूर याचं डोकं उडवलं गेलं, तेही दुसऱ्या मामाच्या, म्हणजे राज्य चालवणाऱ्या सॉमरसेटच्या, सहीनं. लोकांत चुळबुळ होती. तेव्हा पुल्पिटवरून ही शिक्षा योग्य होती असं कुणी पटवलं? लॅटिमरनं. सीमूरनं टॉवरमधून दोन्ही राजकन्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या मखमली जोड्याच्या तळव्यात शिवून बाहेर पाठवायचा बेत केला होता, हे रसभरीत वर्णन त्यानं भर प्रवचनात केलं. ही माहिती त्याला दिली कुणी असेल? सरकारनंच ना?

म्हणून म्हणतो, पुल्पिट म्हणजे त्या काळचं सरकारी आकाशवाणी केंद्र. 'पुल्पिटांचे सूर जुळवणं' असा वाक्प्रयोग एलिझाबेथच्या नावावर १७व्या शतकात सांगितला जायचा, तो उगाच नाही.

टिपणवही

@खडूस आजोबा, जोड्याच्या तळव्याची गोष्ट मुद्दाम टाळली नव्हती, लांबी वाढत होती. पण तुमच्या उदाहरणातच माझा मुद्दा आहे. सरकारला सीमूरच्या वधाचं समर्थन लॅटिमरकडूनच का हवं होतं? त्याच लेंटमध्ये ज्यानं सरदारांना खंडवाढीवरून झोडपलं, त्याच्याच तोंडून ते लोकांना पटणार होतं. नुसत्या भाटाचा इथे उपयोग नव्हता. ज्याच्या शब्दाला वजन आहे असाच माणूस लागायचा, आणि असा माणूस कधी ना कधी राजाच्याही पायावर पाय देणारच. दरबाराला ही किंमत मोजावी लागे.

आणि लॅटिमरचा शेवट आपण जाणतोच. मेरी गादीवर आली आणि १६ ऑक्टोबर १५५५ ला ऑक्सफर्डला त्याला जिवंत जाळलं.

रेघोट्या

छान धागा. आर्चबिशप ग्रिंडलचा उल्लेख यायलाच हवा. हा पार्करनंतरचा. त्या वेळी खेडोपाडीचे पाद्री ठराविक दिवशी एकत्र जमून बायबलच्या एकेका उताऱ्यावर आळीपाळीनं बोलायचे, म्हणजे प्रवचनाची तालीमच. एलिझाबेथला यात प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या सुधारकांच्या, कटाचा वास यायचा. तिचं मत असं की एका परगण्याला तीन-चार प्रवचनकार पुष्कळ झाले, बाकीच्यांनी छापील उपदेश वाचून दाखवावेत. तिनं ग्रिंडलला या सभा बंद करायला सांगितल्या. डिसेंबर १५७६ मध्ये त्यानं लांबलचक पत्र लिहून नकार कळवला, आणि वर आठवण दिली की बाईसाहेब, आपण मर्त्य आहात. पुढच्याच वर्षी त्याचे अधिकार काढले गेले. देशातला सर्वांत मोठा धर्माधिकारी १५८३ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ स्वतःच्याच वाड्यात अडकून होता.

म्हणजे राणीला प्रवचनाची भीती होती ती दरबारातल्यापेक्षा दरबाराबाहेरच्या. दरबारात कोण बोलणार याची यादी तिच्या माणसांकडे होती. गावोगावच्या पाद्र्यांची यादी कोण करणार?

खडूस आजोबा

रेघोट्या, हा मुद्दा मान्य. ताईंच्या लेखापेक्षा जास्त मान्य. :)

तळ्याकाठी

शिवाजी महाराजांना रामदासांनी केलेला उपदेश आठवला. आपल्याकडे तर…

चहाबाज

तळ्याकाठी, हात जोडतो. तो वाद सुरू झाला की धागा शतक मारतो आणि इंग्लंड राहतं बाजूला.

संपादक

चहाबाज यांच्याशी सहमत. त्या विषयावर आधीच पुष्कळ धागे आहेत, तिथे जावे. इथे विषयाला धरून लिहावे.

पेडण्याचा पावलू

विषयाला धरूनच लिहितो, आणि तरी गोव्याचं लिहितो.

नॉवेल-डेरिंगच्या पिढीतच आपल्याकडे एका बादशहानं परधर्माचे उपदेशक स्वतःहून बोलावून घेतले. अकबरानं गोव्याला पत्र पाठवून पाद्री मागितले, आणि नोव्हेंबर १५७९ मध्ये रोदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को एन्रिकेस हे तीन जेझुइट (त्या नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री) निघाले. फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. सोबत अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं आठ खंडी बायबल नेलं होतं. बादशहानं ते मोठ्या आदरानं घेतलं. शहजादा मुरादला शिकवायला मोन्सेरातला नेमलं. इबादतखान्यात मुल्लांशी वाद झाले. पाद्र्यांना वाटलं, बादशहा आता बाप्तिस्मा घेणार, मग घेणार… तो काही घेईना.

टिपणवहीताईंच्या मापानं बघितलं तर फरक मजेशीर आहे. एलिझाबेथनं गप्प ऐकायचं ही रीत होती, म्हणून तिचं एक वाक्य बातमी झालं. अकबर मात्र स्वतः प्रश्न विचारायचा, एकाला दुसऱ्यावर सोडायचा, कंटाळला की उठायचा. तिथे एकाच माणसाला तासभर हुकमी श्रोता मिळणं शक्यच नव्हतं. दहाजण बोलत असतील तर राजाला कुणाचंच ऐकावं लागत नाही!

आक्वाव्हिवा १५८३ मध्ये गोव्याला परतला आणि त्याच वर्षी साष्टीत कुंकळ्ळीच्या लोकांनी त्याला आणखी चार जेझुइटांसह मारलं. त्यांची देवळं आधी पाडली गेली होती, हे त्याबरोबर सांगायलाच हवं. मग पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना ठार केलं. बादशहाच्या दरबारात जो माणूस पाहुणा म्हणून वाद घालत होता, तोच आमच्याकडे आला तेव्हा पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती. तेच कपडे, तोच उपदेश.

आणखी एक. आक्वाव्हिवा गोव्याहून निघायच्या साधारण महिनाभर आधी गोव्यात एक इंग्रज जेझुइट उतरला होता: थॉमस स्टीफन्स. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकाला जे पुल्पिट कधीच मिळालं नसतं, ते त्यानं साष्टीत मिळवलं, आणि मराठी ओव्या लिहिल्या. १६१६ मध्ये राशोलला छापलेलं ख्रिस्तपुराण त्याचंच.

टिपणवही

@पेडण्याचा पावलू, क्या बात है. 'हुकमी श्रोता' हा शब्द माझ्या लेखात हवा होता, उसना घेते. स्टीफन्स विल्टशायरचा. त्याच्या लहानपणी लॅटिमरला जाळलं, आणि तरुणपणी लॅटिमरच्या वारसदारांमुळे त्याला देश सोडावा लागला. एका आयुष्यात दोन्ही बाजू.

आता आजोबांनी भाटांचा विषय काढलाच आहे तर जेम्सचं एक प्रकरण सांगते. जेम्स स्कॉटलंडचा राजा असताना तिथले प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणारे, पाद्री त्याला अजिबात बधायचे नाहीत. १५९६ मध्ये फॉकलंडच्या राजवाड्यात अँड्र्यू मेलव्हिलनं त्याची बाही धरली, त्याला 'देवाचा दुबळा चाकर' म्हणाला आणि सुनावलं, की स्कॉटलंडमध्ये राजे दोन आहेत आणि राज्यंही दोन. ख्रिस्ताच्या राज्यात तू राजा नाहीस, नुसता एक सभासद आहेस. जेम्सनं हे विसरायचं कसं? १६०३ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला आणि त्याला आयते, विद्वान, गोड बोलणारे बिशप मिळाले. १६०६ मध्ये त्यानं मेलव्हिलसह आठ स्कॉटिश पाद्र्यांना लंडनला बोलावलं आणि सप्टेंबरात हॅम्प्टन कोर्टला समोर बसवून त्यांना चार प्रवचनं ऐकवली. बिशप का हवेत, धर्मातही राजाच वरिष्ठ का, धर्मसभा बोलावायचा अधिकार राजाचाच का, आणि चर्चचा कारभार बघणारे बिनपाद्री वडीलधारे का नकोत. तिसरं प्रवचन लॅन्सलॉट अँड्र्यूजचं. देवानं मोशेला चांदीच्या दोन तुताऱ्या करायला सांगितल्या, त्या कुणाच्या हातात होत्या यावरून त्यानं राजाचा अधिकार सिद्ध केला.

एरवी प्रवचन राजाला ऐकवायचं. इथे राजानं ते दुसऱ्यांना ऐकवलं, आणि श्रोत्यांना उलट बोलायची सोय नव्हती. म्हणजे पावलूंचा हुकमी श्रोता, पण खुर्च्या बदललेल्या.

मेलव्हिल काही बधला नाही. राजाच्या चॅपलमधली वेदी बघून त्यानं सहा लॅटिन ओळी केल्या: दोन मिटलेली पुस्तकं, दोन विझलेल्या समया, दोन कोरडी तस्तं… त्या ओळी सरकारच्या हाती लागल्या. मंत्रिमंडळापुढे जाब द्यायला उभं केलं, तर यानं आर्चबिशप बँक्रॉफ्टच्याच झग्याची बाही धरून हलवली आणि त्याला रोमन चिंध्या म्हणाला. बाही धरायची सवय जुनीच! १६११ पर्यंत टॉवरमध्ये, मग फ्रान्सकडे सेदाँला हद्दपार.

मावळतीचे ऊन

अँड्र्यूजला भाटांच्या रांगेत बसवू नका हो. त्याचा एक किस्सा पुढे कवी वॉलरच्या आठवणींतून सांगितला जाऊ लागला. जेम्सनं जेवणाच्या टेबलाशी दोन बिशपांना विचारलं, पार्लमेंटच्या भानगडीत न पडता मला प्रजेचे पैसे घेता येणार नाहीत का? नील नावाचा बिशप म्हणाला, घ्या की महाराज, आपण तर आमच्या नाकातला श्वास. राजा अँड्र्यूजकडे वळला. अँड्र्यूज म्हणाला, मला पार्लमेंटच्या बाबींतलं कळत नाही. राजा म्हणाला, टाळू नका, सांगा. तेव्हा उत्तर आलं: महाराज, माझे बंधू नील यांचे पैसे आपण खुशाल घ्यावेत, कारण ते स्वतःच देऊ करताहेत.

फ्रान्सकडेही जरा बघा. चौदाव्या लुईच्या दरबारात पुल्पिटवरून राजाला दोन शब्द स्तुतीचे म्हणायची पद्धतच होती, त्यामुळे बोस्युए किंवा बूर्दालू यांच्यासारखे प्रवचनकार कठोर बोलले तरी गोड घास ठरलेला. खरा चिमटा तिथे कबुलीच्या खोलीत बसायचा. १६७५ च्या ईस्टरला व्हर्सायच्या एका साध्या पाद्र्यानं राजाच्या प्रेयसीला, मादाम द माँतेस्पाँला, पापक्षमा नाकारली. बोस्युएनं त्याचीच बाजू उचलून धरली आणि राजाला काही काळ तिच्यापासून दूर राहावं लागलं. फार काळ नाही, अर्थात. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट राजाला अशी सक्तीची कबुली नव्हती, म्हणून तिथे सगळा भार प्रवचनावर आला असं मला वाटतं.

आणि १७१५ मध्ये लुईच्याच मृत्यूनंतरच्या श्रद्धांजलीच्या प्रवचनाची सुरुवात मासियों या प्रवचनकारानं केली ती "बंधूंनो, देव एकटाच थोर" या शब्दांनी. 'थोर लुई' नुकताच वारलेला.

बोरूटाक

प्रश्न: दरबारात कोण काय बोललं हे सामान्य माणसाला कळायचं कसं? तेव्हा वर्तमानपत्रं नव्हती.

रेघोट्या

@बोरूटाक, तीन वाटा. एक, राजदूत आणि पत्रलेखक; नॉवेलची गोष्ट आपल्यापर्यंत तशीच पोचली. दुसरी, छपाई: 'राजाज्ञेवरून प्रसिद्ध' असा मथळा असेल तर समजायचं की राजाला हे देशभर पोचवायचंय. तिसरी सेंट पॉल्सच्या अंगणातलं उघड्यावरचं पुल्पिट, पॉल्स क्रॉस. तिथे अख्खं लंडन लोटायचं.

१६२२ चं उदाहरण घ्या. जेम्स आपल्या मुलाचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी जुळवत होता. कॅथलिक सून येणार म्हणून पुल्पिटा-पुल्पिटावरून आग ओकली जात होती. ऑगस्टमध्ये राजानं फर्मान काढलं: राज्यकारभारात नाक खुपसायचं नाही, बिशप किंवा डीन यांच्या खालच्या पाद्र्यानं दैवनियतीसारख्या गहन विषयात शिरायचं नाही, दुपारी फक्त प्रश्नोत्तरी शिकवायची. लोक भडकले. तेव्हा १५ सप्टेंबरला या फर्मानाचं समर्थन करायला पॉल्स क्रॉसवर कुणाला उभं केलं? नुकताच सेंट पॉल्सचा डीन झालेला कवी जॉन डन. त्यानं ओळ घेतली शास्ते, अध्याय ५ मधली: तारे आपापल्या कक्षेत राहून सीसराशी लढले. म्हणजे प्रत्येकानं आपापल्या मर्यादेत राहून लढावं. राजा खूश, प्रवचन लगेच छापलं. पण एकानं पत्रात लिहिलं, की काहींच्या मते डनला स्वतःलाच ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

खडूस आजोबा

माझ्या बाजूचा शेवटचा साक्षीदार: रॉजर मॅनवेरिंग. १६२७ मध्ये चार्ल्सला युद्धासाठी पैसा हवा, पार्लमेंट देईना. मग प्रजेकडून सक्तीचं कर्ज. सिबथॉर्प नावाच्या पाद्र्यानं त्याच्या समर्थनार्थ प्रवचन केलं, आर्चबिशप ॲबटनं ते छापायला परवानगी नाकारली, तर चार्ल्सनं ॲबटलाच बाजूला बसवलं. जुलैत मॅनवेरिंगनं राजासमोर दोन प्रवचनं दिली: राजाची मागणी नाकारणाऱ्याला नरक. राजानं ती छापायला लावली. लॉडनं, म्हणजे पुढच्या आर्चबिशपनं, छापू नका म्हणून सुचवलं होतं असं तो नंतर सांगायचा. १६२८ मध्ये पार्लमेंट भरल्यावर मॅनवेरिंगवर महाभियोग. तुरुंगवास, १००० पौंड दंड, गुडघ्यावर बसून माफी, पुस्तक जप्त, आणि पुन्हा कुठलंही पद द्यायचं नाही असा निकाल. अधिवेशन संपताच राजानं माफ केलं आणि चांगल्या उत्पन्नाचं चर्च दिलं. पुढे बिशपही केलं. कुठला? सेंट डेव्हिड्सचा. रडच्या गादीवर!

आता सांगा ताई, राणीला वय सांगणारा रड आणि हा मॅनवेरिंग, दोघंही त्याच खुर्चीत. पुल्पिटवरचा तास 'जोखमीचा' होता की गुंतवणुकीचा?

टिपणवही

दोन्ही! आणि आजोबा, तुमच्या साक्षीदारानं माझं काम सोपं केलं. मॅनवेरिंगला शिक्षा कुणी केली? राजानं नाही, पार्लमेंटनं. म्हणजे १६२८ पर्यंत दरबारातल्या तासाचा हिशोब मागणारा आणखी एक धनी उभा राहिला होता. रड आणि डेरिंग यांना फक्त एका खिडकीकडे बघायचं होतं. मॅनवेरिंगनं फक्त खिडकीकडेच बघितलं, आणि तिथेच चुकला. नॉवेलच्या वेळी स्पॅनिश राजदूत टिपणं घेत होता, आता कॉमन्सचे, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाचे, सभासद घेत होते.

चार्ल्सच्या आसपास यादी दिवसेंदिवस अरुंद होत गेली. राजाला बोचेल असं बोलणारा प्युरिटन तिथवर पोचेना. डनसारख्या मुरलेल्या माणसालाही १६२७ च्या एप्रिलमध्ये एका प्रवचनाची प्रत लॉडकडे तपासायला द्यावी लागली. राजाला त्यात काहीतरी खटकलं होतं. (निघालं काहीच नाही.) एलिझाबेथला डेरिंगचा राग आला, पण आपल्या पाद्र्यांच्या पोटात काय शिजतंय हे तिला निदान तोंडावर कळलं. चार्ल्सला कळायची सोयच राहिली नाही असं माझं मत. कुणाला पटणार नाही, चालेल.

आणि मग त्या प्रवचनकारांनी दुसरा दरबार शोधला. फेब्रुवारी १६४२ पासून कॉमन्स सभागृहानं दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी उपास आणि प्रवचन सुरू केलं, वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट्स चर्चमध्ये. प्रवचनकार सभागृह निवडणार, आवडलं तर आभाराचा ठराव करून छापायची विनंती करणार. त्यातलं पहिल्याच महिन्यातलं स्टीफन मार्शलचं प्रवचन गाजलं. विषय: जे देवाच्या बाजूनं लढायला आले नाहीत त्या मेरोज गावाला शाप. म्हणजे तटस्थ राहणाऱ्यांना. हेच प्रवचन आपण ६० वेळा तरी दिल्याचं मार्शल सांगायचा. ऑगस्टमध्ये यादवी युद्ध पेटलं.

रेघोट्यांनी वर डनची ओळ दिली आहे ना, शास्ते, अध्याय ५, ओवी २०? मार्शलची ओळ त्याच गीतातली, त्याच अध्यायातली. ओवी २३.

रेघोट्या

हे लक्षातच आलं नव्हतं. तीनच ओव्यांचं अंतर.

खडूस आजोबा

आणि सभागृहाला न आवडलेली प्रवचनं कुठली, कुणाचे आभार मानले नाहीत, त्याचीही यादी काढा कुणीतरी. तुमचा 'दुसरा दरबार' पहिल्यापेक्षा कितपत निराळा होता ते बघू.

टिपणवही

@खडूस आजोबा, त्यावर तुम्हीच धागा काढा. मी विरुद्ध बाजूला बसते.